शुश्रूषेचा दर्जा मोजायचा तर रुग्णापाशी मोजा

प्रश्न थोडक्यात असा: एम.एस्सी. नर्सिंगचं दुसरं वर्ष, विषय मानसोपचार परिचर्या. प्रबंधासाठी ‘वृद्ध मनोरुग्णांना मिळणाऱ्या शुश्रूषेचा दर्जा’ हा विषय मनात आहे. गाइड म्हणतात, स्टाफ नर्सेसची प्री-टेस्ट घे, एक तास शिकव, पोस्ट-टेस्ट घे, टी-टेस्ट (गुणांतला फरक योगायोगाचा नाही ना, ते बघणारी संख्याशास्त्रातली चाचणी) लाव आणि मोकळी हो. वॉर्डात प्रत्यक्ष काय मोजायचं, मनोरुग्णांची संमती कशी घ्यायची, आणि हातात असलेल्या वेळात हे जमेल का?

जमेल. विषय सोडू नका, आणि गाइडशी वादही घालू नका. त्या तुमच्या वेळेच्या काळजीने बोलत आहेत. पण प्री-टेस्ट आणि पोस्ट-टेस्टने तुमच्या प्रश्नाचं उत्तर मिळणार नाही. शिकवलं की लगेचच्या परीक्षेत गुण वाढतात, हे कोणत्याही नर्सिंग कॉलेजच्या लायब्ररीतले जुने प्रबंध चाळले तरी कळतं. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस दर दोन तासांनी बदलावी, हे आपल्याकडच्या प्रत्येक सिस्टरला पाठ आहे. तरीही माकडहाडावर जखमा होतातच, कारण रात्रपाळीला वॉर्डभर एक सिस्टर आणि एक मावशी असते, आणि जड अंगाच्या माणसाची कूस बदलायला दोघी लागतात. तेवढ्यात पलीकडच्या कोपऱ्यात कुणीतरी उठून दार ठोठावायला लागतं. ज्ञानाच्या चाचणीत यातलं काहीच उमटत नाही. तुमचा विषय दर्जा हा असेल, तर रुग्णापर्यंत नेमकं काय पोचलं ते मोजा. नर्सला काय माहीत आहे आणि फाइलमध्ये काय लिहिलं आहे, ते त्यानंतर.

अशा कामाचा धडा आपल्याच पेशात साठ वर्षांपूर्वी घालून दिलेला आहे. डोरीन नॉर्टन या ब्रिटिश नर्सने मॅक्लारेन आणि डॉ. एक्स्टन-स्मिथ यांच्याबरोबर रुग्णालयातल्या वृद्धांच्या शुश्रूषेचा अभ्यास केला, तो १९६२ साली प्रसिद्ध झाला. त्या काळी म्हाताऱ्या रुग्णांच्या पाठीला निरनिराळे लेप, मलमं, स्पिरिट असं काय काय चोळायची पद्धत होती. नॉर्टनबाईंनी रुग्णांची त्वचा स्वतः पाहिली, नोंदी ठेवल्या, आणि त्यातून दिसलं की वरून काय लावलं याने फरक पडत नाही, दाब नियमितपणे काढून घेतला की पडतो. पहिल्या वर्षाला स्पिरिट आणि पावडर घेऊन ‘बॅक केअर’ची प्रोसिजर पाठ केलेल्या आपल्यासारख्यांनी हे नीट लक्षात ठेवावं. त्याच कामातून नॉर्टन स्केल आलं: शारीरिक स्थिती, मानसिक स्थिती, हिंडणं-फिरणं, अवयवांची हालचाल आणि लघवी-शौचावरचा ताबा, प्रत्येकी १ ते ४ गुण, एकूण २०. १४ किंवा त्याखाली गेलं की धोका.

त्याआधी १९६१ मध्ये एक्स्टन-स्मिथ आणि शेरविन यांनी ५० वृद्ध रुग्ण रात्री झोपेत आपणहून किती वेळा हालतात ते मोजलं होतं. रात्रभरात २० किंवा त्याहून कमी वेळा हालणाऱ्या १० जणांपैकी ९ जणांना दाबव्रण, म्हणजे एकाच जागी दाब पडून होणाऱ्या जखमा, झाले. पन्नासहून जास्त वेळा हालणाऱ्यांत एकालाही झाला नाही. हा आकडा मी मुद्दाम सांगते आहे, कारण मनोरुग्णांच्या वॉर्डाशी त्याचा थेट संबंध लागतो. आपल्याकडचे आजोबा दिवसभर व्हरांड्यात येरझाऱ्या घालतात, त्यामुळे दिवसा नॉर्टन स्केल लावलं तर गुण भरपूर मिळतात. रात्री गोळ्यांच्या गुंगीत तेच आजोबा एका कुशीवर पहाटेपर्यंत पडून असतात. त्यांची टाच आणि खुबा सकाळी कुणी बघत नाही, कारण ते ‘चालते-फिरते’ आहेत. सकाळच्या आंघोळीच्या वेळी टाच, खुबा आणि माकडहाड बघायचं, लाली दिसली तर बोटाने दाबून ती पांढरी होते का ते तपासायचं, आणि आदल्या रात्री कोणत्या झोपेच्या गोळ्या दिल्या ते लिहायचं. एवढ्यावर एक प्रामाणिक प्रबंध उभा राहतो.

वृद्ध आणि मनोरुग्ण या दोघांच्या शुश्रूषेचं संशोधन वेगळ्या काळजीने करावं लागतं ते एका कारणाने. तक्रार करायची ताकद त्यांच्यात कमी असते, आणि केली तरी तिच्यावर विश्वास ठेवायची सवय आपल्याला कमी असते. ‘कोणीतरी माझं पाणी पळवतं’ असं स्किझोफ्रेनियाच्या आजी म्हणाल्या की ते लक्षणांच्या यादीत जातं. शेजारची रुग्ण खरोखरच त्यांचा पेला उचलून पिते आहे, हे तासभर तिथे बसल्याशिवाय कळत नाही. शरीराचा आजारही असाच मनाच्या आजाराच्या नावाखाली झाकला जातो. सत्तरीची बाई दोन दिवसांत एकदम गप्प झाली, जेवेना, हाक मारली तर उशिरा बघते, की नोट्समध्ये ‘विथड्रॉन’ (स्वतःत मिटलेली) असं लिहिलं जातं. मूत्रमार्गाचा संसर्ग, सोडियम घसरणं, दहा दिवसांचं बद्धकोष्ठ किंवा ट्रायहेक्सीफेनिडिलसारख्या कंपावरच्या गोळीचा परिणाम, यातलं काहीही त्यामागे असू शकतं.

शरीराच्या आजाराने किंवा औषधाने मन असं अचानक गोंधळतं, त्या अवस्थेला डेलिरियम म्हणतात आणि नर्सेसकडून ती किती निसटते याचा फार चांगला अभ्यास अमेरिकेत डॉ. शॅरन इनूये यांच्या गटाने २००१ साली प्रसिद्ध केला. ७० वर्षांवरचे ७९७ रुग्ण, आणि प्रत्येकाबद्दल नर्सचं निरीक्षण व प्रशिक्षित संशोधकाचं निरीक्षण शेजारी-शेजारी. ज्यांना डेलिरियम होता त्यांपैकी नर्सेसना ओळखू आले फक्त ३१ टक्के. निसटले ते बहुतेक कोण? शांत पडून राहणारे, ८० च्या पुढचे, नजर अधू असलेले आणि आधीच डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) असलेले. म्हणजे ज्यांना सर्वांत जास्त धोका तेच ‘त्रास देत नाही’ या सदरात जातात. ओळखण्यासाठी त्यांच्याच गटाने १९९० मध्ये दिलेली ‘कॅम’ ही पद्धत आहे. बदल अचानक झाला आणि कमी-जास्त होत राहिला, आणि लक्ष टिकत नाही, या दोन्ही गोष्टी हव्यातच. त्यांच्या जोडीला विचारांत विस्कळीतपणा किंवा जागेपणाच्या पातळीत बदल, यांपैकी एक. प्रशिक्षण घेऊन सराव केला तर ही तपासणी हँडओव्हरच्या, म्हणजे पाळी सोपवण्याच्या, वेळात बसते. तुमच्या वॉर्डात ६० वर्षांवरचे रुग्ण ‘कॅम’ने तपासायचे आणि त्याच पाळीच्या नर्सिंग नोट्स शेजारी ठेवायच्या, हाही एक प्रबंध झाला. महाराष्ट्रात तो ठिकठिकाणी व्हायला हवा. २०११ च्या जनगणनेत राज्यातले ९.९ टक्के लोक साठीच्या पुढचे होते. त्यानंतरच्या ‘लासी-डॅड’ या देशव्यापी अभ्यासात साठीपुढच्या भारतीयांत डिमेन्शियाचं प्रमाण ७.४ टक्के आलं. हे लोक आपल्याच मेडिसिन, ऑर्थो आणि मानसोपचार वॉर्डांत भरती होणार आहेत.

सिद्धान्ताचा आधार प्रबंधात लागतोच, त्यासाठी आरोग्यसेवेच्या दर्जाचे अभ्यासक अवेदिस डोनाबेदियन यांची १९६६ ची मांडणी पुरे: व्यवस्था, प्रक्रिया, परिणाम. खाटा, माणसं, उपकरणं ही व्यवस्था, रुग्णासाठी प्रत्यक्ष केलेलं काम ही प्रक्रिया, आणि रुग्णाचं काय झालं हा परिणाम. आपल्या देशात मनोरुग्णालयांच्या दर्जाची मोठी पाहणी राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने निमहान्स या बंगळुरूच्या मानसिक आरोग्य संस्थेच्या मदतीने केली, अहवाल १९९९ साली आला, ३७ सरकारी मनोरुग्णालयं त्यात होती. अशा पाहण्या हव्यातच. पण त्या शिफ्टमधल्या सिस्टरच्या हाताखाली काय घडतं तिथपर्यंत उतरू शकत नाहीत. ते काम आपलं. डॉक्टर राउंडला वीस मिनिटं येतात, प्रशासन महिन्याचा आकडा मागतं, चोवीस तास तिथे असतो तो नर्सिंग स्टाफ.

आता विषय निवडण्याबद्दल. ‘एकूण दर्जा’ मोजायला जाऊ नका, हाती काही लागणार नाही. एकच गोष्ट घ्या आणि ती तळापर्यंत पाहा. मला विचाराल तर मी जेवण निवडीन.

दुपारचं जेवण डोळ्यांसमोर आणा. साडेबाराला ताट येतं आणि खाटेशेजारच्या लॉकरवर ठेवलं जातं. आजी डाव्या कुशीवर, लॉकर उजवीकडे, म्हणजे ताट पाठीमागे. कवळी भरतीच्या वेळी ‘मौल्यवान वस्तू’ म्हणून मुलाकडे दिलेली. हाताला कंप आहे, तो वयाचा म्हणून सोडून दिलेला, प्रत्यक्षात हॅलोपेरिडॉल या मनोविकारावरच्या औषधाचा. पोळी मोडता येत नाही, भात चमच्यातून सांडतो. एक वाजता मावशी ताटं गोळा करते, तिला पुढचा वॉर्ड करायचा असतो. चार्टवर सगळ्यांच्या नावापुढे एकाच हाताने, एकाच शाईत, एकदमच लिहिलं जातं: आहार घेतला. यात कुणी दुष्ट नाही. पण आजींचं वजन महिन्याला दीड-दोन किलो उतरत राहतं आणि ते नैराश्याच्या खात्यावर जमा होतं.

इथे मोजण्याजोगं किती आहे बघा. ताट हाताच्या अंतरावर होतं का? रुग्णाला बसवलं होतं का? चष्मा आणि कवळी लावलेली होती का? मदतीची गरज होती का, आणि असेल तर ती मिळाली का, किती मिनिटांनी? उचलताना ताटात काय उरलं: सगळं, पाऊण, अर्धं, पाव की काही नाही? त्याच जेवणाची चार्टवरची नोंद काय म्हणते? दर आठवड्याला त्याच काट्यावर, त्याच वेळी वजन. ताटात उरलेलं आणि चार्टवर लिहिलेलं, या दोन रकान्यांमधली तफावत हाच तुमचा मुख्य निष्कर्ष. यात ठसका आणि घास अडकणंही नोंदवा. मनोविकारावरच्या औषधांनी गिळण्याची क्रिया मंदावते, आणि वर्षानुवर्षं दाटीवाटीत जेवलेले जुने रुग्ण भराभरा गिळतात. घास अडकून होणारे मृत्यू टाळता येण्याजोगे असतात, म्हणून मला हा रकाना फार महत्त्वाचा वाटतो.

दुसरा विषय पडण्याचा. वॉर्डात कुणी पडलं की इन्सिडेंट रिपोर्ट भरला जातो, त्यात ‘रुग्ण तोल जाऊन पडला’ एवढंच असतं. तुम्ही वेळ बघा. रात्रीचं जेवण सहा-साडेसहाला, गोळ्या आठला, लघवीला उठतात पहाटे चार-पाचला. तेव्हा औषधाचा अंमल असतो, संडासाची फरशी नुकतीच धुतलेली ओली असते, पायात दुसऱ्याच्या मापाची चप्पल असते आणि पाळी संपत आलेली सिस्टर नोट्स पुऱ्या करत असते. दर पडण्यामागे वेळ, जागा, आधीच्या बारा तासांतली औषधं आणि पायातलं नोंदवा. शिवाय ६० वर्षांवरच्या प्रत्येकाचं बीपी आडवं पाच मिनिटं ठेवून, मग उभं केल्यावर एका आणि तीन मिनिटांनी घ्या. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर उठताना चक्कर येण्याचा धोका आहे असं समजायचं. बसवून एकदाच बीपी घेण्याच्या सवयीमुळे हे कधीच सापडत नाही. आकडेवारी देताना नुसती संख्या देऊ नका, दर १००० रुग्ण-दिवसांमागे द्या. समजा वॉर्डात रोज ४० रुग्ण, महिना ३० दिवसांचा, म्हणजे १२०० रुग्ण-दिवस झाले. ६ जण पडले तर दर ५. तरच दोन वॉर्डांची किंवा दोन महिन्यांची तुलना करता येते. धोका आधी ओळखायला जॅनिस मॉर्स यांचं स्केल आहे, पण त्यात सलाइनला २० गुण आहेत आणि गुंगीच्या औषधांना एकही नाही. मनोरुग्णांच्या वॉर्डात ते एकट्याने पुरत नाही, हे मर्यादांमध्ये लिहा.

तिसरा विषय बांधून ठेवण्याचा, आणि तो सर्वांत नाजूक. तमिळनाडूत एरवाडीला ६ ऑगस्ट २००१ च्या आगीत साखळ्यांनी बांधलेले २८ मनोरुग्ण जळून गेले, हे आपल्या क्षेत्रातल्या कुणीही विसरू नये. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ मध्ये साखळी लावण्यावर पूर्ण बंदी आहे, एकांतात कोंडण्यावरही आहे. शारीरिक बंधनाबद्दल कलम ९७ वाचा. प्रबंधासाठी तपासणी-यादी त्या कलमातच तयार आहे. तात्काळ इजा टाळायचा तोच एकमेव मार्ग होता का? उपचार करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञाची परवानगी होती का? पद्धत, कारण आणि कालावधी लगेच नोंदवला का? २४ तासांत नामनिर्देशित प्रतिनिधीला (रुग्णाच्या वतीने बोलायला नेमलेल्या माणसाला) कळवलं का? देखरेख चालू होती का? महिन्याच्या अहवालात तो प्रसंग मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे गेला का? शिक्षा म्हणून किंवा केवळ माणसं कमी आहेत म्हणून बांधता येणार नाही, हे कायद्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. रात्रपाळीच्या सिस्टरला याचा अर्थ बरोबर समजतो, आणि तिची अडचणही खरी असते. दोन्ही गोष्टी प्रबंधात मांडा.

वृद्धांच्या बाबतीत नोंदवहीत न येणारी बंधनं जास्त असतात. खुर्चीपुढे टेबल सरकवून ठेवणं, काठी काढून लांब ठेवणं, खाटेचे दोन्ही कठडे वर करणं, संध्याकाळी ‘एसओएस’चं, म्हणजे गरज पडली तरच द्यायचं, इंजेक्शन जरा लवकरच देणं. तुमच्या व्याख्येत हे धरा. कठड्यांबद्दल सांगायचं तर, गोंधळलेला म्हातारा माणूस ते ओलांडून उतरायला जातो आणि आणखी उंचावरून पडतो. आणि गोळी-इंजेक्शनने शांत ठेवण्याची किंमत डिमेन्शियात फार मोठी आहे. डिमेन्शियाच्या वृद्धांना नव्या पिढीची मनोविकारविरोधी औषधं दिल्यास मृत्यूचं प्रमाण वाढतं, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध नियामकाने २००५ मध्ये दिला. जुन्या औषधांनाही तो २००८ मध्ये लागू केला.

पद्धतीचं बोलू. निरीक्षण करणार असाल तर वेळ कापून घ्या. डिमेन्शियाच्या रुग्णांसाठी टॉम किटवुड आणि ब्रॅडफर्डच्या त्यांच्या सहकाऱ्यांनी जी निरीक्षणपद्धत बसवली, तिच्यात निरीक्षक सामाईक खोलीत काही तास बसतो आणि दर पाच मिनिटांनी प्रत्येक रुग्ण काय करतो आहे, कसा आहे, त्याच्याशी कोण कसं वागलं हे सांकेतिक अक्षरांत लिहितो. न्हाणीघरात आणि खासगी जागेत जायचं नाही हा नियम आहे, तोही पाळा. ती पद्धत जशीच्या तशी वापरायला अधिकृत प्रशिक्षण लागतं. पण ठरावीक अंतराने नोंदी घेण्याचं तत्त्व तुम्ही आपल्या साध्या तक्त्यात वापरू शकता. तुम्ही वहीपेन घेऊन बसलात की पहिले काही दिवस सगळे जास्त नीट वागतील. ते दिवस सरावाचे धरा, आकडेवारीत घेऊ नका. गणवेशातच बसा, हसून बोला, पण वहीत काय आहे ते लपवू नका. विचारलं तर दाखवा. सरावात एखादी मैत्रीण सोबत घ्या, दोघींनी एकाच वेळी स्वतंत्र नोंदी करा आणि जुळणी ‘कप्पा’ने (दोघींच्या नोंदी किती जुळतात ते सांगणाऱ्या आकड्याने) काढा. जुळत नसेल तर व्याख्या ढिली आहे. ‘मदत मिळाली’ म्हणजे नेमकं काय, ते पुन्हा लिहा.

आणि एक गोष्ट सिनॉप्सिसमध्येच, म्हणजे प्रबंधाच्या आराखड्यातच, लिहून टाका: निरीक्षणाच्या वेळी रुग्णाला धोका दिसला तर तुम्ही पेन खाली ठेवून आधी नर्स म्हणून धावणार, आणि तो प्रसंग तसा नोंदवणार. घास अडकलेला बघत कोणी तक्ता भरत नाही. एथिक्स कमिटी हा प्रश्न विचारतेच.

रुग्णांना विचारायचं की नाही? विचारायचंच. फक्त ‘समाधानी आहात का’ असं विचारलंत तर आजी म्हणणार, ‘सगळं छान आहे गं बाळा, तुम्ही किती करता.’ ज्यांच्या हातून औषध घ्यायचं त्यांच्या तोंडावर कोण तक्रार करणार? म्हणून घडलेलं विचारा. काल रात्री लघवीला जायला मदत हवी होती का? कुणाला हाक मारली? कोण आलं? आज घातलेले कपडे तुमचे स्वतःचे आहेत का? कायद्याने इच्छा असल्यास स्वतःचे कपडे घालण्याचा हक्क आहे, तेव्हा हा प्रश्न दर्जाचाच आहे. ज्यांना बोलता येत नाही त्यांच्या वेदनेसाठी ‘पेनॅड’ हे स्केल वापरा: श्वास, कण्हणं, चेहरा, देहबोली आणि समजूत घातल्यावर शांत होणं, मिळून ० ते १०. स्मृतीची चाचणी लावायची असेल तर एमएमएसई (स्मृती आणि समज तपासणारी ठरावीक प्रश्नावली) आंधळेपणाने लावू नका. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईला वाक्य लिहायला सांगून गुण कापणं अन्याय आहे. हरियाणातल्या बल्लभगढला मेरी गांगुली आणि सहकाऱ्यांनी नेमक्या याच अडचणीसाठी हिंदी रूप तयार केलं, ते १९९५ साली प्रसिद्ध झालं. मराठी रूप वापरताना ते कोणावर तपासलेलं आहे ते आधी बघा, आणि ज्याचं स्केल त्याची लेखी परवानगी घ्या.

संमतीची भीती बाळगू नका. मनोविकाराचं निदान आहे म्हणून माणूस संमती देऊच शकत नाही, असं कायदा मानत नाही. माहिती सोप्या मराठीत सांगा, मग त्यांनाच विचारा, ‘मी काय करणार आहे ते तुमच्या शब्दांत सांगा बरं.’ सांगता आलं, नाही म्हणायची मुभा आहे हे कळलं, तर संमती घ्या, आणि दर वेळी बसण्याआधी पुन्हा विचारा. त्याच मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम ९९ प्रमाणे रुग्णाची मुलाखत घ्यायची असो की त्याच्यावर काही प्रयोग करायचा असो, स्वेच्छेची आणि समजून दिलेली संमती हवी, आणि ती केव्हाही मागे घेता येते. जे संमती देऊ शकत नाहीत त्यांच्यावर मानसिक किंवा शारीरिक स्वरूपाचा प्रयोग करायचा तर राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची परवानगी लागते. तुमच्या मुदतीत त्या वाटेला न जाणं बरं. मात्र ओळख पूर्ण गुप्त ठेवून अशा रुग्णांच्या केस-नोट्सचा अभ्यास करायला त्याच कलमात मोकळीक आहे. बंधनाच्या विषयाला तीच वाट सोयीची. एथिक्स कमिटी आणि रुग्णालयाची परवानगी दोन्हींत लागणारच.

तुमच्या प्रबंधाने वॉर्डातल्या सिस्टरांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करू नये, याची मला मनापासून काळजी वाटते. अमेरिकेतल्या नर्सिंग संशोधक बिअ‍ॅट्रिस कॅलिश यांनी २००६ पासून ‘राहून गेलेली शुश्रूषा’ हा विषय लावून धरला. फिरवणं, कूस बदलणं, भरवणं, तोंड साफ करणं, बोलणं हीच कामं आधी सुटतात. लिंडा एकेन आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये युरोपातल्या ९ देशांतल्या ३०० रुग्णालयांची आकडेवारी मांडली: नर्समागे एक रुग्ण वाढला की शस्त्रक्रियेच्या रुग्णांत ३० दिवसांत मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते. तो अभ्यास मनोरुग्णांचा नाही, तेव्हा आकडा उचलून आपल्या वॉर्डाला चिकटवू नका. पण प्रत्येक निरीक्षणासोबत त्या पाळीला ड्युटीवर किती जणी होत्या, त्यांतली किती जणी औषधं आणायला स्टोअरला आणि रुग्णाला घेऊन एक्स-रेला गेलेल्या, हे लिहा. तो रकाना नसेल तर तुमचा निष्कर्ष प्रशासनाच्या हातात मेमो काढायचं हत्यार होईल.

माणसं न वाढवताही काही बदलतं का, हे दाखवणारं काम आहे. इंग्लंडमध्ये लेन बॉवर्स या मानसोपचार नर्सने ‘सेफवॉर्ड्स’ हा कार्यक्रम १५ रुग्णालयांतल्या ३१ वॉर्डांत तपासला, निकाल २०१५ मध्ये आला. दहा साध्या गोष्टी होत्या. स्टाफ आणि रुग्णांनी एकमेकांची थोडी ओळख लिहून ठेवायची, वाईट बातमी कळणार असेल तर आधीच जवळ जाऊन बसायचं, रुग्णांनी एकमेकांना मदत करायची बैठक, घरी जाणाऱ्याने मागच्यांसाठी चार ओळी लिहून लावायच्या. भांडणं आणि तंटे साधारण १५ टक्क्यांनी कमी झाले, बांधणं-कोंडणं-जबरदस्तीची इंजेक्शनं जवळपास पाव हिश्श्याने. हा प्रयोग प्रौढांच्या तीव्र आजाराच्या वॉर्डांतला. आपल्या वृद्धांच्या वॉर्डात तो कसा बसेल, हा तुमच्या पुढच्या एखाद्या विद्यार्थिनीचा विषय.

गाइडना पटवताना ‘प्री-पोस्ट नको’ असं म्हणू नका. ‘वर्णनात्मक अभ्यास, नोंद आणि निरीक्षण यांतली तफावत’ असं म्हणा, एका पानाचा तक्ता समोर ठेवा, आणि त्यावर ठरावीक जेवणं पाहून भरलेली नमुन्याची माहिती दाखवा. नमुन्याचा आकार रुग्णांच्या संख्येने ठरवण्याऐवजी निरीक्षणांच्या संख्येने ठरवता येतो. एकाच रुग्णाची अनेक जेवणं असतील तर विश्लेषणात ती सुटी-सुटी धरायची नाहीत, एवढं संख्याशास्त्राच्या सरांना आधी सांगा. शिकवणीचा कार्यक्रम हवाच असा आग्रह झाला तर घ्या, पण आधी आणि नंतर काय मोजायचं ते बदला: गुणांऐवजी ताट, टाच, किंवा उभं बीपी.

सिनॉप्सिस लिहायच्या आधी या आठवड्यात दोन-तीन दुपारी साडेबारा ते दीड त्या वॉर्डात जाऊन बसा. आधी इन्चार्ज सिस्टरना भेटा, काय बघणार ते सांगा, आणि त्यांना विचारा की त्यांना स्वतःला कोणत्या गोष्टीचा घोर लागून राहतो. तक्त्याचा पहिला रकाना त्यांच्या उत्तरावरून ठरवा, मग मला पाठवा. मी वाचून कळवते.